बेडक्याची परीक्षा : दोन महिन्यांपासून दोन तासांपर्यंत

अमेरिकेत शिकून डॉक्टर झालेली पहिली मराठी स्त्री म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत कधी ना कधी घेतले जातेच. १८८३ च्या जूनमध्ये त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबात राहिल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्या वेळी क्षयाचे कारण कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. म्हणजे आनंदीबाई शिकत होत्या तेव्हा शत्रूचे नाव कळले होते, हत्यार मात्र हाती नव्हते. हवापालट, दूध, अंडी आणि सक्तीची विश्रांती एवढाच काय तो उपाय. न्यूयॉर्क राज्यातील सॅरनॅक लेक असो, आपली पाचगणी असो की मिरजेजवळची वानलेसवाडी असो, डोंगरावरच्या किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या हवेत रोग्याला ठेवायचे आणि वाट पाहायची.

औषधे पुढे आली, आणि त्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय थोडा वेगळा आहे. औषध हाती आल्यावर एक नवा प्रश्न उभा राहिला : समोरच्या रोग्याच्या छातीतले जंतू या औषधाला दाद देतील का? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेकडून यायला एके काळी दोन-दोन महिने लागत. आज ते दोन तासांत मिळू शकते. हा प्रवास बऱ्याच अंशी न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या परिसरात झाला, त्याचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत पार पडला, आणि त्याचे धागे आपल्या घरांपर्यंत येतात.

रटगर्समधील शोध

न्यू जर्सीतील न्यू ब्रन्सविक हे आज आपल्या मंडळींच्या रोजच्या जाण्यायेण्यातले गाव. तिथल्या रटगर्स विद्यापीठाच्या शेतकी महाविद्यालयात सेलमन वॅक्समन मातीतल्या सूक्ष्म जीवांचा अभ्यास करीत. त्यांचे विद्यार्थी अल्बर्ट शॅट्झ यांना १९४३ साली तळघरातल्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले. क्षयाच्या जंतूंना मारणारे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते एकट्या वॅक्समन यांना. शॅट्झ यांचे नाव मागे राहिले, ही त्या कथेची कडू बाजू.

रोगी बरे होऊ लागले आणि काही महिन्यांतच त्यांतले बरेच जण पुन्हा खंगू लागले. १९४८ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतशीर चाचणीत कारण स्पष्ट झाले. औषध तेच होते, जंतू मात्र पालटले होते. क्षयाच्या कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला जन्मतःच दाद न देणारे काही थोडे असतात, साधारण दहा लाखांत एखादा. औषध बाकीच्यांना मारते आणि या थोड्यांना रान मोकळे होते. यावरचा उपाय म्हणजे दोन-तीन औषधे एकदम देणे, कारण सगळ्यांना पुरून उरणारा जंतू फार विरळा. १९५२ साली न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरील सी व्ह्यू रुग्णालयात आयसोनियाझिडचे गुण दिसून आले, पुढे रिफॅम्पिसिन आले, आणि या दोन औषधांवर क्षयाच्या उपचाराची इमारत उभी राहिली. या दोन्हींना दाद न देणारा क्षय तो एम.डी.आर., म्हणजे बहुऔषधरोधी क्षय.

इमारत भक्कम होती, पण एका अटीवर. रोग्याने सगळी औषधे सहा महिने किंवा अधिक काळ न चुकता घेतली पाहिजेत. दोन महिन्यांनी खोकला थांबला, वजन वाढले की गोळ्या सोडून देण्याचा मोह कोणाला होत नाही? अर्धवट उपचार म्हणजे जंतूंना दिलेली शिकवणीच.

उगवण्याची वाट

आता प्रयोगशाळेकडे वळू. आतड्यातला ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळजवळ एक दिवस लागतो. प्रयोगशाळेची सारी अडचण या एका आकड्यात आहे.

साध्या जंतूंसाठी सोय लवकर झाली. १९६६ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी कागदी चकत्यांची पद्धत प्रमाणित केली. बशीतल्या खळीवर जंतू पसरायचे, औषधात भिजवलेल्या छोट्या चकत्या त्यावर ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या चकतीभोवती जंतू उगवले नाहीत ते फूटपट्टीने मोजायचे. ही पद्धत आजही जगभर चालते. आपल्यापैकी ज्यांनी मायक्रोबायॉलॉजीचे प्रॅक्टिकल केले आहे त्यांना ती वर्तुळे डोळ्यांसमोर येतील.

क्षयाला हे लागू नव्हते. बेडका काचेवर पसरून, लाल रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंतू दिसत, पण ते कोणत्या औषधाला दाद देतात हे दिसण्याने कळत नाही. त्यासाठी ते वाढवावे लागत. अंड्याच्या बलकात हिरवा रंग घालून बनवलेल्या तिरक्या खळीवर ते पेरायचे आणि तीन ते सहा आठवडे थांबायचे. उगवले की त्यांतले काही उचलून औषध घातलेल्या नव्या खळीवर पेरायचे आणि पुन्हा तीन-चार आठवडे थांबायचे. तोवर डॉक्टरने काय करायचे? नेहमीची औषधे द्यायची आणि ती लागू पडतील अशी आशा करायची.

या प्रतीक्षेला पहिली कात्री लागली ती १९७०-८० च्या दशकांत. गार्डनर मिडलब्रुक यांनी १९७७ साली एक युक्ती प्रसिद्ध केली. जंतूंच्या द्रवरूप अन्नात किरणोत्सारी कार्बन असलेले स्निग्धाम्ल घालायचे. जंतू ते खातात आणि किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड सोडतात. यंत्र बाटलीतली हवा ओढून घेऊन तिच्यातला किरणोत्सार मोजते. जंतू डोळ्यांना दिसण्याची गरज नाही, त्यांचा उच्छ्वास पकडला की झाले. १९८१ साली सलमान सिद्दिकी, लिबोनाटी आणि मिडलब्रुक यांनी याच तंत्राने औषधांची चाचणीही करता येते हे दाखवले. बॅक्टेक या नावाचे हे यंत्र दोन महिन्यांचे काम सुमारे तीन आठवड्यांवर आणी.

यंत्र बाजारात होते, पण ते सगळीकडे पोचले नाही. क्षय आता इतिहासजमा होणार अशी अमेरिकेची समजूत झाली होती. १९७२ साली केंद्र सरकारने क्षयासाठी राखून ठेवलेला निधी बंद केला. दवाखाने मिटले, सॅनेटोरियमे ओस पडली, आणि सार्वजनिक प्रयोगशाळा जुन्या हिरव्या खळीवरच राहिल्या.

न्यूयॉर्कचा धडा

समजूत चुकीची ठरली. १९८० च्या दशकात एड्स, बेघरांची वाढती संख्या, गच्च भरलेले तुरुंग आणि निवारे या सगळ्यांनी मिळून न्यूयॉर्कमध्ये क्षयाला नवे घर दिले. हार्लेम रुग्णालयात केलेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्रडनी आणि डॉबकिन या डॉक्टरांना असे आढळले की उपचार सुरू करून घरी पाठवलेल्या क्षयरोग्यांपैकी ८९ टक्के परत आलेच नाहीत किंवा त्यांनी उपचार पुरे केले नाहीत.

एप्रिल १९९१ मध्ये डॉ. टॉमस फ्रीडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातील त्या महिन्याच्या सगळ्या क्षयरोग्यांचे जंतू गोळा करून तपासले. एक-तृतीयांश रोग्यांचे जंतू किमान एका औषधाला दाद देत नव्हते, आणि १९ टक्के रोग्यांचे जंतू आयसोनियाझिड व रिफॅम्पिसिन या दोन्हींना. जवळजवळ पाचात एक! १९९२ साली शहरात ३,८११ क्षयरोगी नोंदले गेले.

हा रोग पसरत होता तो मुख्यतः रुग्णालयांतच. एड्सच्या वॉर्डात एक रोगी खोकत असे. त्याला नेहमीची औषधे चालू असत, म्हणून तो आता संसर्ग पसरवणार नाही असे गृहीत धरले जाई. औषधे लागू पडत नव्हती हे प्रयोगशाळेचा कागद येईपर्यंत कोणाला कळत नसे. तोवर शेजारच्या खाटांवरचे, भेटीला आलेले, परिचारिका आणि निवासी डॉक्टर तीच हवा श्वासात घेत. त्या काळच्या रुग्णालयांतील साथींत एड्सग्रस्त रोग्यांपैकी ७२ ते ८९ टक्के दगावले, आणि निदानापासून मृत्यूपर्यंतचा काळ साधारण ४ ते १६ आठवडे होता. तपासणीला आठ-दहा आठवडे लागत. म्हणजे पुष्कळदा अहवाल आला तेव्हा तो ज्याचा होता तो माणूसच उरला नव्हता.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक रुग्णालयांत त्या काळी रेसिडेन्सी करणाऱ्यांत भारतातून आलेले तरुण डॉक्टर पुष्कळ होते. मुंबई-पुण्याच्या वॉर्डांत क्षय पाहून आलेल्या या मंडळींना रोग ओळखीचा होता. तोच रोग जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात, आणि तोही औषधांना न जुमानणारा भेटेल, याची मात्र कोणाला कल्पना नव्हती.

१९९३ साली अटलांटाच्या सी.डी.सी. मधील फ्रेड टेनोव्हर आणि सहकाऱ्यांनी देशातल्या प्रयोगशाळांना उद्देशून एक लेख लिहिला. त्याचा रोख असा : तुमची प्रयोगशाळा तयार आहे का? उद्दिष्टे नेमकी होती. सूक्ष्मदर्शकाचा निकाल २४ तासांत, जंतूची ओळख १० ते १४ दिवसांत, औषधांची चाचणी १५ ते ३० दिवसांत. त्यासाठी द्रवरूप माध्यम आणि बॅक्टेकसारखी यंत्रे वापरायची. पैसा पुन्हा वाहू लागला. रोग्याने प्रत्येक गोळी आरोग्यसेवकासमोर गिळायची ही पद्धत शहराने नेटाने राबवली. या पद्धतीमागचा विचार बराचसा आपल्या मद्रासचा, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५० च्या दशकात मद्रासच्या क्षयकेंद्रात झालेल्या संशोधनाने घरी राहून घेतलेला उपचार सॅनेटोरियमइतकाच गुणकारी ठरतो हे सिद्ध केले, आणि गोळी समोर गिळवण्याचा आग्रह तिथूनच पुढे आला. १९९४ पर्यंत न्यूयॉर्कमधील रोग्यांची संख्या २,९९५ वर उतरली. पुढे डॉ. फ्रीडन १९९६ साली भारताच्या क्षयनियंत्रण कार्यक्रमाला साहाय्य करण्यासाठी दिल्लीस गेले. मद्रासहून निघालेली कल्पना न्यूयॉर्कमार्गे परत घरी आली.

काजव्याचा उजेड

तीन आठवडे हे दोन महिन्यांपेक्षा बरे, पण वॉर्डातल्या खोकणाऱ्या रोग्यासाठी तेही फारच. जंतू वाढण्याची वाट पाहणेच टाळता येईल का?

ब्राँक्समधील अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यक महाविद्यालयात विल्यम जेकब्ज, बॅरी ब्लूम आणि पिट्सबर्गचे ग्रॅहॅम हॅटफुल यांनी १९९३ साली एक कल्पक मार्ग दाखवला. काजवा ज्या प्रथिनामुळे चमकतो त्याचे जनुक त्यांनी क्षयजंतूंत शिरणाऱ्या एका विषाणूत घातले. विषाणू जिवंत जंतूत शिरला की जंतू काजव्यासारखा मंद चमकतो. औषध घालूनही चमक राहिली तर जंतू जिवंत आहे, म्हणजे औषध निकामी. चमक विझली तर औषध लागू. पुढे हा उजेड पोलरॉइड फिल्मवर टिपणारी एक साधी पेटीही तयार झाली, तिला ब्राँक्स बॉक्स असे नाव पडले. रोजच्या वापरात ही पद्धत रुजली नाही, पण उत्तर काही तासांत मिळू शकते हा विश्वास तिने दिला.

दुसरा मार्ग होता जंतूची जन्मपत्रिकाच वाचण्याचा. १९९३ सालीच तेलेंती आणि सहकाऱ्यांनी दाखवले की रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या बहुतेक सगळ्या क्षयजंतूंत बिघाड एकाच जनुकाच्या एका छोट्या तुकड्यात असतो. अवघी ८१ अक्षरे! एवढी अक्षरे तपासली की पुरे. त्यासाठी पी.सी.आर. हे डी.एन.ए.च्या असंख्य प्रती काढण्याचे तंत्र हाताशी होतेच. उरला प्रश्न तो अक्षरांतली चूक झटपट ओळखण्याचा.

त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या पब्लिक हेल्थ रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये संजय त्यागी आणि फ्रेड क्रेमर यांनी १९९६ साली दिले. त्यांनी केसाच्या आकड्यासारखा वाकलेला डी.एन.ए.चा एक चिमुकला तुकडा बनवला. त्याच्या एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. आकडा मिटलेला असताना दोन्ही टोके जवळ, म्हणून अंधार. जुळणारा डी.एन.ए. भेटला की आकडा उघडून त्याला चिकटतो, टोके दूर जातात आणि उजेड पडतो. एका अक्षराची चूक असली तरी आकडा उघडत नाही. या आकड्यांना मॉलेक्युलर बीकन, म्हणजे रेणूंचे दीपस्तंभ, असे नाव मिळाले. १९९८ साली डेव्हिड ॲलंड यांच्या गटाने त्यागी आणि क्रेमर यांच्यासह हे दीपस्तंभ क्षयाच्या औषधरोधावर वापरून दाखवले. ही संस्था नंतर न्यूअर्कला हलली, ॲलंडही न्यू जर्सीत आले.

टपालातली भुकटी

प्रयोगशाळेत जमलेली गोष्ट खेड्यातल्या दवाखान्यात जमतेच असे नाही. पी.सी.आर.ला स्वच्छ खोल्या आणि तरबेज हात लागतात. ही अडचण सुटली ती एका अनपेक्षित प्रसंगामुळे. २००१ च्या शरदात अँथ्रॅक्सची भुकटी भरलेली पत्रे अमेरिकेच्या टपालात फिरली. त्यांतली काही न्यू जर्सीतील हॅमिल्टनच्या टपालकेंद्रातून गेली होती. पाच माणसे मेली. त्यानंतर टपालाच्या छाननी केंद्रांत हवेतील अँथ्रॅक्स आपोआप तपासणारी यंत्रे बसवली गेली, आणि त्यांत कॅलिफोर्नियातील सेफाइड कंपनीचे बंद कुपीत पी.सी.आर. करणारे तंत्र वापरले गेले. टपालकेंद्रात जे मनुष्याच्या मदतीशिवाय चालते ते दवाखान्यात का चालू नये?

जिनिव्हाची फाइंड ही संस्था, सेफाइड आणि ॲलंड यांचा गट एकत्र आले. बेडक्यात द्रावण घालून पंधरा मिनिटे ठेवायचे, कुपीत ओतायचे, कुपी यंत्रात सरकवायची. आत पाच दीपस्तंभ त्या ८१ अक्षरांवर नजर फिरवतात. दोन तासांच्या आत दोन्ही उत्तरे : क्षय आहे की नाही, आणि रिफॅम्पिसिन चालेल की नाही. रिफॅम्पिसिन चालत नसेल तर बहुधा आयसोनियाझिडही चालत नाही, म्हणून हे एक उत्तर डॉक्टरला सावध करायला पुरते.

याची मोठी परीक्षा १,७३० रुग्णांवर झाली. स्थळे होती लिमा, बाकू, केप टाउन, डर्बन आणि मुंबई. सप्टेंबर २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसणाऱ्या ५६१ रुग्णांपैकी ५५१ जणांचा क्षय एकाच चाचणीत पकडला गेला, आणि रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या २०५ पैकी २०० जणांचा औषधरोध ओळखला गेला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीची शिफारस केली. २०१२ साली यूएसएडसह काही सरकारी व खाजगी देणगीदारांनी मिळून गरीब देशांसाठी एका कुपीची किंमत १६.८६ डॉलरवरून ९.९८ डॉलरवर आणली. २०२३ साली ती ७.९७ डॉलर झाली.

मुंबईची बाजू

मुंबईला या चाचणीची गरज का होती, हे समजण्यासाठी पुन्हा १९९१ कडे जावे लागेल. फ्रीडन न्यूयॉर्कमध्ये जंतू गोळा करीत होते त्याच वर्षी डॉ. मुकुंद उपलेकर यांनी मुंबईतील एका झोपडपट्टीच्या परिसरातल्या शंभर खाजगी डॉक्टरांना क्षयाचे प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगितलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. शंभर डॉक्टरांनी ऐंशी वेगवेगळ्या प्रकारांनी उपचार लिहिले. सुमारे वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांनी असाच अभ्यास धारावीत केला. १०६ डॉक्टरांपैकी फक्त सहा जणांचे प्रिस्क्रिप्शन बरोबर निघाले.

परिणाम जो व्हायचा तोच झाला. २०११ च्या डिसेंबरमध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. प्रयोगशाळेत तपासलेल्या कोणत्याही औषधाला या चौघांचे जंतू दाद देत नव्हते. बातमी जगभर गेली. सरकारने त्या नावालाच हरकत घेतली. नावाचा वाद काही असो, त्या चौघांपैकी तिघे अनेक डॉक्टरांकडून अर्धवट, चुकीची औषधे घेत आले होते, आणि त्यांना लवकर व योग्य तपासणी मिळाली असती तर पुढचे बरेच टळले असते, हे त्या लेखातून दिसते.

त्यानंतर भारतात ही यंत्रे सरकारी कार्यक्रमात झपाट्याने आली. तिथे त्यांना सीबीनॅट म्हणतात. पण वातानुकूलित खोली आणि अखंड वीज तालुक्याच्या गावी कुठून आणायची? यावर देशी उत्तरही निघाले. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे विजेरीवर चालणारे छोटे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येते. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली.

तपासणीच्या जोडीला औषधेही हवीत. औषध चालणार नाही हे दोन तासांत कळले आणि चालणारे औषधच नसेल तर त्या घाईचा उपयोग काय? बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये आणि प्रीटोमॅनिडला २०१९ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी दीड-दोन वर्षे चालणारा, इंजेक्शनांनी कान बधिर करणारा एम.डी.आर. क्षयाचा उपचार आता बऱ्याच रुग्णांना सहा महिन्यांच्या गोळ्यांवर आला आहे. भारताने २०२४ साली हा उपचार स्वीकारला.

आपल्या घरापर्यंत

हे सारे वाचून कोणी म्हणेल, आम्ही इथे सबर्बमध्ये राहतो, आम्हाला याचे काय? २०२३ साली अमेरिकेत साडेनऊ हजारांहून अधिक क्षयरोगी नोंदले गेले, आणि त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश अमेरिकेबाहेर जन्मलेले होते. त्याच वर्षी जगातल्या एकूण क्षयरोग्यांपैकी २६ टक्के भारतात होते. आपल्यापैकी कित्येकांच्या अंगात लहानपणी शिरलेला जंतू निद्रिस्त असेल. मधुमेह, केमोथेरपी, संधिवाताची नवी इंजेक्शने किंवा नुसते वार्धक्य यांमुळे तो जागा होऊ शकतो. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचा खोकला महिनाभर हटला नाही तर ॲलर्जी म्हणून सोडून न देता डॉक्टरला स्पष्ट सांगावे : आम्ही भारतातून आलो आहोत, क्षयाची तपासणी करा. इथल्या तरुण डॉक्टरांनी क्षयरोगी क्वचितच पाहिलेला असतो.

दंडावर बी.सी.जी.चा वण असलेल्यांची कातडीवरची चाचणी पुष्कळदा उगाच पॉझिटिव्ह येते, आणि मग 'ते बी.सी.जी.मुळे' म्हणून आपण विषय झटकतो. आता रक्ताची चाचणी उपलब्ध आहे, तिच्यावर बी.सी.जी.चा परिणाम होत नाही. २०१८ पासून अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीतही दोन वर्षांवरील सर्वांसाठी तीच वापरतात. ती पॉझिटिव्ह आली तर घाबरण्याचे कारण नाही, पण गोळ्या पुऱ्या करण्याचे कारण नक्की आहे. आणि प्रत्यक्ष रोगच निघाला, तर औषधरोधाची झटपट तपासणी झाली का, हे विचारण्याचा रोग्याच्या घरच्यांना पूर्ण अधिकार आहे. सी.डी.सी. २००९ पासून राज्यांच्या प्रयोगशाळांसाठी जनुकीय चाचणीची सेवा पुरवत आली आहे.

सगळ्यांत अवघड अडथळा मात्र यंत्राने सुटणारा नाही. क्षय म्हटले की आपल्या घरांत अजून आवाज खाली येतो. मुलीच्या लग्नाचे काय, शेजारी काय म्हणतील, मंडळात कळले तर काय, या विचारात महिने जातात. दोन महिन्यांची तपासणी दोन तासांवर आणायला माणसांना साठ वर्षे लागली. खोकणारा माणूस घरातच दोन महिने लपवून ठेवला, तर ती साठ वर्षे फुकट गेली असे समजावे.